रामशास्त्र्यांचे सहा आठवडे

तुंगार्लीच्या तलावाच्या भिंतीवर उभे राहिले की एका बाजूला लोणावळ्याची कौले आणि रेल्वेचे रूळ दिसतात आणि दुसऱ्या बाजूला राजमाचीकडे जाणारी वाट डोंगरात शिरताना दिसते. आता तिथे सुटीच्या दिवशी मोटारींची रांग लागते, भुट्टे आणि चहाच्या टपऱ्या असतात. माझ्या लहानपणी त्या वाटेने फक्त पलीकडच्या वाड्यांतली माणसे येत. डोक्यावर करवंदांची नाही तर जळणाची पाटी आणि पावसाळ्यात पाठीवर इरले. त्या इरल्याशी माझी एक जुनी, न फिटलेली देणी आहे. तिच्यामुळेच रामशास्त्री प्रभुणे हे नाव माझ्यासाठी शाळेच्या पुस्तकातला धडा राहिले नाही.

मी तेव्हा आठवीत होतो. गावातले बरेचसे बंगले मुंबईकरांचे. पावसाळ्यात ते बंद असत आणि राखणदाराच्या भरवशावर चालत. अशाच एका बंगल्यातले चांदीचे तबक नाहीसे झाले. राखणदाराचा पुतण्या नुकताच राजमाचीकडच्या एका वाडीतून कामाला आला होता. वय असेल सोळा-सतरा. गावाला तो परका, बोलायला बुजरा. तेवढे पुरेसे होते. सकाळी कुजबूज सुरू झाली आणि दुपारपर्यंत तिची खात्री झाली. मला कोणी तरी विचारले, तू रोज त्या बाजूने शाळेत जातोस, तुला काही दिसले का? आणि मी सांगून टाकले की त्याला कुंपणाच्या भिंतीवरून उतरताना मी पाहिले. मोठी माणसे माझ्याकडे पहिल्यांदाच इतक्या आदराने पाहत होती. देवळासमोर त्या पोराला लोकांनी मारले. मारणारे कोणी गुंड नव्हते. एरवी कोणाच्याही घरी दुखलेखुपले तर धावून जाणारी माणसे होती ती.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, वडगावच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले होते. त्या दिवशी ते पेन्शनच्या कामासाठी वडगावला गेले होते. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मला ओसरीवर समोर बसवले. रागावले नाहीत. फक्त विचारीत गेले. पाऊस पडत होता का? होता. अंतर किती होते? नाक्यापासून भिंतीपर्यंत. तोंड दिसले का? नाही. मग काय दिसले? एक इरले. इरले तर गावात घरोघरी होते. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर ते राखणदाराच्या खोलीवर जाऊन आले. त्या रात्री आणि पुढच्या आठ-दहा रात्री जेवणानंतर त्यांनी मला रामशास्त्र्यांची गोष्ट सांगितली.

रामशास्त्री साताऱ्याजवळच्या माहुलीचे. कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावरचे हे क्षेत्र. परंपरेने असे सांगतात की ऐन विशीपर्यंत त्यांना अक्षरओळखही बेताचीच होती आणि साताऱ्याच्या एका सावकाराकडे ते पडेल ते काम करीत. एकदा घरी आलेल्या पाहुण्याच्या कानातल्या दागिन्याकडे ते टक लावून पाहत राहिले, तेव्हा धन्याने त्यांना टोचून बोलले, की असे दागिने विद्वानाला मिळतात, पाणक्याला नाही. ते बोलणे जिव्हारी लागून त्यांनी थेट काशी गाठली आणि तिथे वर्षानुवर्षे धर्मशास्त्राचे अध्ययन केले. गोष्टीचा तपशील कमीअधिक असेल, पण काशीचे अध्ययन आणि त्यानंतर १७५१ साली पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून झालेली नेमणूक, हा इतिहास आहे. १७५९ साली ते मुख्य न्यायाधीश झाले. पुढे दोनच वर्षांनी पानिपत झाले.

त्या काळच्या न्यायाची पद्धत आज आपल्याला चमत्कारिक वाटेल. फिर्याद करणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांच्या कैफियती लिहून घ्यायच्या, कागदपत्रे पाहायची, साक्षीदारांना, ज्यांना गोही म्हणत, त्यांना शपथ घालायची, पंचायत बसवायची आणि शेवटी निवाडपत्र द्यायचे. कागद आणि साक्ष दोन्ही तोकडी पडली तर दिव्य. म्हणजे तापलेला लोखंडी गोळा हातावर घ्यायचा किंवा उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा, आणि हात भाजला तर खोटा. भूत घातले, चेटूक केले, अशा आरोपांची प्रकरणेही पेशवे दप्तरात सापडतात. शिक्षा जातीपातीप्रमाणे बदलत. तेव्हा रामशास्त्र्यांचा काळ म्हणजे न्यायाचे सुवर्णयुग, असे म्हणण्याचे कारण नाही. पण त्याच चौकटीत बसून एका माणसाने एक गोष्ट सांभाळली. संशय आणि पुरावा यांच्यामधले अंतर त्याने मिटू दिले नाही.

थोरले माधवराव पेशवे तरुण वयात जपजाप्यात फार वेळ घालवू लागले, तेव्हा रामशास्त्री कामासाठी जाऊन तिष्ठत राहिले आणि दुसऱ्या दिवशी काशीला जाण्याची परवानगी मागायला आले, ही गोष्ट घरोघरी सांगितली जाते. पेशव्याने एक तर गादी सोडून तप करावे नाही तर रयतेचे काम करावे, असे त्यांनी तोंडावर सांगितले. माधवरावांनी ते ऐकले हे विशेष. न्यायाधीश निर्भीड असून भागत नाही, त्याचे ऐकून घेणारा राज्यकर्ताही लागतो. माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारले आणि हा आधार गेला.

पुढे नऊ-दहा महिन्यांतच ३० ऑगस्ट १७७३ हा दिवस उजाडला. शनिवारवाड्यात भर दिवसा गारद्यांनी कोवळ्या वयाच्या नारायणराव पेशव्यांना ठार केले. त्यांना वाचवायला गेलेलेही मारले गेले. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, तेव्हा वाड्यातच नजरकैदेत होते. नारायणराव त्यांना मिठी मारून प्राणांची भीक मागत होते, हे सर्वांना माहीत आहे. पुढे राघोबांनी गादी घेतली. पुण्यात काय वातावरण असेल याची कल्पना करा. प्रत्येकाला प्रत्येकाचा संशय. बंद दारांआड नावे घेतली जात होती. कोणी राघोबांकडे बोट दाखवीत होते, कोणी कारभाऱ्यांकडे. पुतण्यावर त्यांची माया होती, ते असे करणार नाहीत, असे म्हणणारेही होते.

रामशास्त्र्यांनी या वेळी काय केले? आबा इथे नेहमी थांबत. आम्हा मुलांना वाटे, आता ते दरबारात जाऊन गर्जना करतील. १९४४ सालच्या प्रभातच्या 'रामशास्त्री' चित्रपटातले गजानन जागीरदार पाहिलेल्या आमच्या आईवडिलांच्या पिढीच्याही डोळ्यांसमोर तोच प्रसंग असे. पण गर्जनेच्या आधी सुमारे सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांत त्यांनी कोणावर जाहीर आरोप केला नाही. ते गप्प राहिले आणि तपास करीत राहिले. कोण कुठे उभा होता, कोणाला काय हुकूम होता, पैसे कोणी कबूल केले, कोणते कागद कोणाच्या हाती होते, हे त्यांनी एकेक करून जुळवले. गावभर ज्याचे नाव होते, त्याला त्यांनी केवळ नाव होते म्हणून दोषी धरले नाही. आणि पुरावा हाती आल्यावर तो माणूस खुद्द पेशवा आहे म्हणून सोडलेही नाही.

मग ते राघोबांपुढे गेले. पुतण्याला धरण्याचा हुकूम आपण दिला होता, मारण्याचा नाही, असे राघोबांनी कबूल केले. प्रायश्चित्त काय, असे विचारल्यावर देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे नाही, असे शास्त्रीबुवांनी सांगितले आणि ज्या राज्याचा धनी असा आहे तिथे आपण राहणार नाही, म्हणून पुणे सोडले. वाईजवळच्या एका खेड्यात ते जाऊन राहिले. फौज बरोबर नव्हती, लोकांना चिथावणी दिली नव्हती. निकाल द्यायचा आणि अंमलबजावणी आपल्या हाती नाही हे ओळखून बाजूला व्हायचे, एवढेच त्यांनी केले. आज ते सोपे वाटते. पण त्या दिवशी वाड्याच्या दरवाजाबाहेर पडताना आपण घरी पोचू की नाही, हे त्यांना ठाऊक नसणार.

या हकिगतीतली एक गोष्ट मात्र आपण सगळे चुकीची शिकलो. 'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार मराठी घरात लहान मूलही वापरते. हुकमातले 'धरावे' हे 'मारावे' झाले, आणि ते आनंदीबाईंनी केले, असे आपण बिनदिक्कत सांगतो. अक्षर बदलले गेले ही हकिगत जुनी आहे. पण ते आनंदीबाईंच्या हातून बदलले, हे शेवटपर्यंत सिद्ध झालेले नाही. कोणत्याही न्यायाधीशाने तसे निवाडपत्र दिलेले नाही. निवाडा दिला तो लोकांनी, आणि तो अडीचशे वर्षे टिकला. राघोबा १७८३ साली कोपरगावी वारले. आनंदीबाईंचे पुढचे आयुष्य पहाऱ्यात गेले आणि १७९४ साली त्या मरण पावल्या. रामशास्त्र्यांचे नाव आदराने घेणारे आपण, त्यांनी जे कधी केले नाही ते एका बाईच्या बाबतीत रोजच्या बोलण्यात करतो.

बारभाईंचा कारभार सुरू झाल्यावर १७७४ मध्ये रामशास्त्री पुन्हा न्यायासनावर आले. पण पुणे बदलले होते. नाना फडणीस यांच्या बुद्धीविषयी आणि राज्यनिष्ठेविषयी शंका घ्यायला जागा नाही. मात्र पानिपतावरून जीव वाचवून आलेला आणि धन्याचा खून पाहिलेला तो माणूस होता. त्यांच्या मनात भीतीने घर केले होते आणि ती भीती निराधारही नव्हती. राघोबा इंग्रजांना जाऊन मिळाले होते. फितुरी खरोखरच होती. अडचण अशी, की खऱ्या शत्रूला शोधणारी नजर हळूहळू सगळीकडेच शत्रू पाहू लागते.

आमच्या तुंगार्लीच्या वाटेवरची राजमाची इथे गोष्टीत येते. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणारा एक कनोजा ब्राह्मण माधवरावांच्या काळातच पुढे आला होता. तेव्हा चौकशी झाली, तो तोतया ठरला, पण त्याचा जीव घेतला नाही. त्याला किल्ल्यांवर कैदेत ठेवले. १७७६ साली तो रत्नागिरीकडे सुटला आणि बघता बघता कोकणचा मोठा भाग त्याच्या बाजूला गेला. बोरघाट चढून त्याने राजमाची घेतली. पुण्याच्या लोकांनी बोलणी करण्याचे निमित्त करून त्याला तिथे गुंतवले आणि अचानक हल्ला करून खाली पिटाळले. रघोजी आंग्र्यांनी त्याला पकडून दिले आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झाले.

तोतया खोटा होता, यात संशय नाही. त्याने बंड केले, हेही खरे. पण त्यानंतर त्याला सामील झालेल्यांची जी झाडाझडती सुरू झाली, तिच्यात दंड, जप्त्या आणि कैद यांचे सत्र चालले. भाऊ परत यावेत असे अनेकांना मनापासून वाटत होते. खुद्द भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत सौभाग्याची लेणी उतरवली नव्हती. फितूर कोण, लोभी कोण आणि नुसत्या आशेने फसलेला कोण, हे निवडणे भीतीच्या दिवसांत कठीण असते. १७७९ साली ज्येष्ठ कारभारी सखारामबापू बोकील कैदेत गेले आणि किल्ल्यावरच वारले. राघोबांची मुले बापाच्या अपराधासाठी पहाऱ्यात वाढली. त्यांतला एक पुढे दुसरा बाजीराव झाला. कोणावरही विश्वास न टाकण्याचे शिक्षण त्याला आपल्याच राज्याने दिले होते. १८१८ साली ते राज्य त्याच्या हातून गेले.

या सगळ्याला रामशास्त्र्यांनी आळा घातला, असे मी म्हणणार नाही. राजकारणाच्या कैदा त्यांच्या न्यायासनासमोरून जात नसत. त्यांच्यासमोर जे येई ते त्यांनी सरळ केले. त्यांच्या घरात एका दिवसापुरतेच धान्य असे, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. न्याय विकत घेता येत नाही, हे लोकांना त्यांच्या साध्या राहणीवरून कळे. ऑक्टोबर १७८९ मध्ये ते वारले. एक माणूस नुसता असण्याने किती गोष्टी अडून राहतात, हे तो गेल्यावर समजते. पुण्याला ते समजायला दोन वर्षेही लागली नाहीत.

घाशीराम कोतवाल १७७७ पासून पुण्याच्या बंदोबस्तावर होता. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर दिसेल त्याला धरायचे, हा त्याचा अधिकार. चोर पकडले जात आणि शहर शांत होते, म्हणून वरिष्ठ खूश. चोर कोण हे मात्र कोतवालच ठरवी. ऑगस्ट १७९१ मध्ये श्रावणाच्या दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना त्याने कोंडून घातले. बागेतली फळे तोडल्याचे निमित्त सांगतात. लहानशा जागेत रात्रभर कोंडलेल्या त्या माणसांपैकी वीसाहून अधिक गुदमरून मेले. सकाळी कुलूप फोडल्यावर सगळा प्रकार उघडकीस आला. नानांच्या दारी जमाव जमला. रामशास्त्र्यांच्या जागी तेव्हा अय्याशास्त्री न्यायाधीश होते. कोतवाल अपराधी होता, यात वाद नाही. पण त्याची रीतसर चौकशी करून, त्याला एवढा अधिकार कोणी दिला, इतकी वर्षे कोणी डोळेझाक केली, हे विचारायला जमावाला सवड नव्हती आणि कारभाऱ्यांना ते सोयीचेही नव्हते. महिन्याच्या अखेरीस कोतवालाची धिंड काढली आणि त्याला जमावाच्या हवाली केले. दगडांनी ठेचून त्याचा जीव घेतला.

आबा म्हणत, की रात्री कोंडणारा कोतवाल आणि दिवसा दगड मारणारी माणसे, दोघांनाही आपण न्यायच करतो आहोत असे वाटत होते. नारायणरावांचा खून उघड दिसत असतानाही सहा आठवडे थांबणारा माणूस दोन वर्षांपूर्वी त्याच शहरात राहत होता, हे कोणाच्या मनातही आले नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवड्याचा बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी आवई मोबाइलवरून पसरलेली. सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी फिरत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. बातमी वाचली तेव्हा मला राईनपाड्याच्या आधी आमचे देऊळ आठवले. बाजाराला आलेली ती माणसेही एरवी आमच्या गावासारखीच असतील, आपल्या मुलांवर माया करणारी. मूल पळवले जाईल ही भीती तर खरी असते. तिला एक तोंड लागते, आणि परक्याचे तोंड सर्वांत जवळ असते.

आमच्या गावातले तबक गणपतीत परत आले. मालकाची सून ते उजळायला म्हणून मुंबईला घेऊन गेली होती आणि सांगायचे राहून गेले होते. घरच्यांना वाईट वाटले, त्यांनी राखणदाराला काही रक्कम देऊ केली. पण तोवर तो आणि त्याचा पुतण्या गाव सोडून गेले होते. आबांनी मला बरोबर घेऊन राजमाचीच्या वाटेवरच्या दोन-तीन वाड्या पालथ्या घातल्या. चिखलात, पावसात, पंचाहत्तरीच्या घरातला तो माणूस माझा हात धरून चालत होता. माफी मीच मागायची, असे त्यांनी बजावले होते. मुलगा कर्जतच्या बाजूला उतरला, एवढेच कळले.

त्यानंतर मी राजमाचीला कितीदा तरी गेलो. उधेवाडीत मुक्काम केला, श्रीवर्धन आणि मनरंजन दोन्ही बालेकिल्ले नातवंडांना दाखवले, तोतयाची गोष्ट सांगितली. वाटेत आमच्या वयाचा कोणी भेटला की नकळत मी त्याचा चेहरा पाहतो. त्याच्या चेहऱ्याची मला ओळख नाही, हे नंतर लक्षात येते. त्या दिवशीही मी तो पाहिला नव्हता.

आता घरात कोणी कोणाविषयी काही ऐकून आले, मोबाइलवर कोणाचा फोटो फिरत आला, तर माझ्या तोंडून आबांचेच प्रश्न निघतात. पाऊस होता का? अंतर किती होते? तोंड दिसले का? नातवंडे वैतागतात, म्हणतात, आजोबा, तुम्ही फार वेळ लावता. वेळ लागतोच. रामशास्त्र्यांना सहा आठवडे लागले होते.